कापणीच्या सणातले बोल्ट

यशया मामा रोज सकाळी घरून गॅरेजला चालत जायचा आणि वाटेत उभ्या असलेल्या प्रत्येक मोटारसायकलचा पुढचा ब्रेक दाबून बघायचा. गाडी ओळखीची असो, नसो. दुधवाल्याची, तलाठ्याची, शुगर फॅक्टरीच्या पाळीवरून आलेल्या कुणाची. चालता चालता हात पुढे जायचा, ब्रेक दाबला जायचा, आणि मामा एक तर मान हलवून पुढे जायचा किंवा गाडीच्या मालकाला हाक मारायचा. "ओ! परवा या गाडी घिऊन. असं फिरू नका." राहुरीत नवीन आलेल्या माणसाला हे विचित्र वाटे. जुन्यांना सवय होती. रविवारी चर्चच्या आवारातही तो हेच करी, फक्त तेव्हा शर्ट इस्त्रीचा असे आणि हाक जरा हळू.

मामा कधी काही फेकून देत नसे. त्याच्या गॅरेजात उघडलेला बोल्ट रॉकेलमध्ये धुतला जाई, पुसला जाई आणि परत त्याच भोकात बसे. पुढच्या चाकाची ब्रेकची तबकडी, जिला सगळे डिस्क म्हणतात, तिचे बोल्टही तसेच. नव्या बोल्टाच्या आट्यांवर निळा सुकलेला लेप असतो, तो बोल्ट ढिला होऊ देत नाही. एकदा उघडला की लेप गेला. त्या लेपाच्या जागी मामा सिल्व्हिया मामीची नेलपॉलिश लावायचा. मामी म्हणे, "ह्या माणसाच्या बोल्टांना लाल रंग, आणि माझ्या बोटांना रॉकेलचा वास."

आराधना ही त्यांची एकुलती एक मुलगी, माझी मामेबहीण. भंगारातून आणलेली एक गाडी तिने आणि मामाने मिळून उभी केली होती, आणि नगरजवळच्या माळावर होणाऱ्या मातीच्या शर्यतीत ती आराधना चालवणार होती. आमच्या घराण्यातच काय, आमच्या चर्चमध्येही असं कुणी केलं नव्हतं. मी तेव्हा पुण्याहून सुट्टीला आले होते. त्या आठवड्यात घरात दुसरा विषय नव्हता.

शर्यत रविवारी दुपारी. शनिवारी दुपारी सरावाला आराधना मुळा नदीच्या पात्राकडच्या वळणावर पडली. तिला खरचटलं, पण डिस्क वाकली. मामाने तिच्या कोपरावर फुंकर घातली आणि डिस्ककडे वळला. सुनीलच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून नवी डिस्क मिळाली. जुनी उतरवली. बोल्ट रॉकेलच्या वाटीत पडले. मामाने खिशातून नेलपॉलिश काढली.

"पप्पा, नको," आराधना म्हणाली. "हे बोल्ट नवेच लावायचे असतात."

"बोल्ट म्हंजी काय चहाचा कागदी कप हाय का, एकदा पिला की फेकला?"

"तिथं उतारावर करकचून ब्रेक मारायचा आहे मला. दुकानातून भाजी आणायची नाही."

"भाजी आनायला बी ब्रेक लागतो," मामा म्हणाला, आणि पहिला बोल्ट हाताने फिरवायला लागला. तो गेला. दुसराही गेला. तिसरा अर्ध्यात अडला. मामाने उलटा फिरवून काढला, पुसला, परत लावला. परत तिथेच अडला. मग त्याने तो चौथ्या बोल्टाशेजारी धरला, आट्यांना आटे लावून, उजेडाकडे. मला काही दिसलं नाही. आराधनाला दिसलं. आटे जुळत नव्हते, बोल्ट ओढला जाऊन लांबला होता.

मामाने दोन्ही बोल्ट बाजूला ठेवले. मग त्याने नेलपॉलिशचं झाकण लावलं.

"ह्यो तानलाय," तो म्हणाला. "नवे पायजेत."

मामी जवळपास असती तर हे शब्द त्याच्या तोंडून ऐकायला धावत आली असती. पण मामा तोवर उठलाही होता. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून त्याच मापाचे चकचकीत बोल्ट घेऊन आला. बसवले, चाक फिरवलं. टक. टक. टक. बोल्टांची डोकी जाड होती, ब्रेकच्या पकडीला घासत होती. काढले. आराधनाने सुनीलला फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा केला.

"होती की एक पुडी," सुनील म्हणाला. "अस्सल, सीलबंद. पण आत्ताच चर्चमध्ये पोचवली."

"चर्चमध्ये? कशाला?"

"उद्या कापणीचा सण ना. माझ्याकडं शेत कुठंय? जे विकतो त्यातलं नवं, चांगलं दिलं."

आमच्याकडे कापणीच्या सणाला लोक आपल्या कष्टाचं पहिलं, चांगलं फळ वेदीपुढे आणून ठेवतात. डाळिंबं, उसाच्या मोळ्या, शेवगा, कोंबडा. उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो. शेत नसलेले आपापल्या धंद्यातलं देतात. मामा दरवर्षी धुतलेल्या जुन्या बोल्टांचा एक डबा द्यायचा. तो डबा घ्यायला कुणी पुढे येत नसे, शेवटी मामीच घ्यायची आणि परत गॅरेजात ठेवायची.

"सुनील, ती पुडी परत आन," मामा फोनमध्ये म्हणाला.

"देवाला दिलेलं परत मागू व्हय मामा? लिलावात घ्या की."

रविवारी आम्ही टेम्पोत गाडी चढवून, बांधून, टेम्पो चर्चच्या फाटकाला लावूनच उपासनेला बसलो. मी इतकी लांब उपासना कधी पाहिली नव्हती. प्रत्येक गीताला सगळी कडवी होती. आराधना सलवारीखाली शर्यतीचे गुडघ्यांचे पॅड घालून बसली होती आणि उभं राहताना त्यांचा खडखडाट होत होता.

लिलाव पुकारायला नोहा होता. शाळेत पीटी शिकवतो, त्यामुळे आवाजाला माईक लागत नाही. भोपळा गेला. डाळिंबं गेली. कोंबड्यावर दोन घरांत जुंपली. मामा घड्याळ बघत होता, आराधना मामाकडे, मी दोघांकडे. मग नोहाने पुडी उचलली.

"हे काय? कुणाच्या कानातलं का?"

"डिस्कचे बोल्ट!" सुनील ओरडला.

मामाचा हात वर गेला.

मग हसण्याचा लोट उठला तो थेट फाटकापर्यंत. लिंबाखाली खुर्ची टाकून बसलेले भिमाजी आजोबा काठीवर हात आपटून म्हणाले, "पाळकसाहेब, यशयासाठी प्रार्थना करा! नवा बोल्ट घेतुया, ह्याला बरं न्हाई!"

"बोली सांगा, बोली!" नोहा.

मामाने सांगितली. भिमाजी आजोबांनी वर चढवली. त्यांना डिस्क म्हणजे काय तेही ठाऊक असेल की नाही, पण इतक्या वर्षांत अशी मजा आली नव्हती. मामाने चढवली. आजोबांनी पुन्हा चढवली. पोरं टाळ्या पिटायला लागली. "आजोबा! आजोबा!" बायकांच्या बाजूने "यशया! यशया!" सुरू झालं, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज मामीचा होता. भोपळ्याला जेवढे लोक उभे नव्हते तेवढे आता उभे होते. टेम्पोवाल्याने बाहेर हॉर्न दिला. शर्यतीची नावनोंदणी बंद व्हायला फार वेळ नव्हता.

मामा दोन पावलं पुढे आला. मला वाटलं, आता हा आजोबांवर चिडणार. पण त्याने टोपी काढली.

"भिमाजी नाना, थांबा," तो म्हणाला. "पोरीच्या गाडीला लावायचेत. तिचे जुने तानलेत. काल हातात धरून बघितले, तवा कळलं." समोर त्याचीच गिऱ्हाइकं होती, सगळी, इस्त्रीच्या कपड्यांत. "आन मी तुमच्या गाड्यांनाबी जुनेच बसवलेत. बघितलं न्हाई, बसवले. माझ्याकडनं ज्यांनी ज्यांनी डिस्क खोलून घेतली, त्यांनी उद्या गाड्या आना. समदे बघतो. जे खराब, ते बदलतो."

हसणं बसलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले, मग फाटकाबाहेर लावलेल्या आपापल्या गाड्यांकडे. आराधनाने माझा हात इतका घट्ट धरला की तिचं खरचटलेलं कोपर तिलाच दुखलं. ती मला म्हणाली, "आता पप्पाकडे कोण येईल गं?"

भिमाजी आजोबांनी काठी खाली ठेवली.

"दे रं नोहा, त्याला दे. माझ्या नातवाची गाडी त्याच्याकडंच असती." आणि मामाकडे बोट रोखून, "उद्या पहिला नंबर माझा हाय, ध्यानात ठिव."

"हालेलूया!" कुणीतरी म्हणालं, आणि हसणं परत सुटलं. पण आता ते वेगळं होतं. मामा पुडी घेऊन धावत होता.

बोल्ट टेम्पोतच बसवले, शर्यतीच्या मैदानाच्या कडेला. निळा लेप सुकलेला, थांबायची गरज नाही. मामाने एक घट्ट केला, मग त्याच्या समोरचा, मग पुढचा, एकदम नाही, थोडा थोडा, जसा सणाला पेढा सगळ्यांना सारखा वाटतात. चाक फिरवलं. आवाज नाही. आराधना हेल्मेट घालून हसली, तिचे फक्त डोळे दिसले.

शर्यतीचं मी फार सांगू शकत नाही. धूळ होती, आवाज होता आणि मी पूर्ण वेळ किंचाळत होते. उतारावरच्या वळणाला तिच्या पुढचे दोघे घसरले. आराधनाने ब्रेक मारला, गाडी खाली झुकली, धरली, आणि वळण पार झालं. सगळं मैदान तिच्याकडे बघत होतं, मामा एकटा चाकाकडे. ती पहिली आली नाही. पण मामाने तिला असं उचललं की बक्षीस देणाऱ्यांचा क्षणभर गोंधळ झाला.

सोमवारी गॅरेजपुढे गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. भिमाजी आजोबा पहिले, नातवाच्या मागे बसून. मामा प्रत्येक बोल्ट हाताने फिरवून बघायचा. चांगला असेल तर साफ करून, सुनीलकडून आणलेलं, बोल्ट ढिला होऊ न देणारं लॉकचं औषध लावून परत बसवायचा. अडला, डोकं गुळगुळीत झालेलं असलं, तर बाजूला. तसे बाजूला पडलेले त्याने त्या जुन्या डब्यात टाकले आणि डबा भंगारवाल्याला दिला. मामीने नेलपॉलिश परत घेतली. पुढच्या सणाला त्याने सीलबंद पुडी अर्पण केली, आणि ती घ्यायला चक्क चढाओढ झाली.

यशया मामा गेल्या उन्हाळ्यात गेला. हृदयाच्या झटक्याने, अचानक, कामावर जायच्या आधी. आदल्या दिवशी मी स्कूटरवरून पुण्याला निघाले होते. तो घराच्या फाटकापर्यंत आला, बोलता बोलता त्याचा हात नेहमीसारखा पुढे झाला, त्याने ब्रेक दाबला, आणि मान एका बाजूला करून म्हणाला, "जरा नरम लागतोय गं, पर पुण्यापत्तुर चालंल. पुढच्या खेपंला आलीस की टाक माझ्याकडं, डिस्क खोलून बघतो, बोल्ट नवे आनून ठिवतो."