बाभळीखालची मुलगी

हरणाबाईची साक्ष, म्हणजे देवानं आपल्याला कसं वाचवलं याची कहाणी, कुंडलच्या आसपासच्या ख्रिस्ती घरांत पोरासोरांनाही पाठ होती. मोठ्या दुष्काळात तिच्या आईनं तिला रानात बाभळीखाली टाकलं आणि मागं वळूनही न बघता निघून गेली. त्याच वाटेनं मिशनचे गोरे साहेब घोड्यावरून चालले होते. त्यांना रडणं ऐकू आलं. त्यांनी पोर कोटात गुंडाळली आणि अनाथाश्रमात आणली. "जन्म देणारीनं टाकलं, पण देवानं उचललं," असं हरणाबाई शेवटी म्हणायची, तेव्हा बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

ती मिशनची बायबलबाई होती. गावोगाव पायी फिरायचं, बायकांना अक्षरं शिकवायची, पोरांच्या खरजेला मलम लावायचं, भजन म्हणायचं आणि साक्ष द्यायची, हे तिचं काम. नवरा लवकर वारला होता, मूलबाळ नव्हतं. बेचाळीसच्या चळवळीनंतर त्या भागात अनोळखी माणूस दिसला की पोलिसांचा खबऱ्या समजून लोक दारं लावून घेत, पण हरणाबाईला कुठल्याही उंबऱ्यावर पाणी मिळे.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात एका बाजाराच्या दिवशी तिनं नेहमीसारखी साक्ष दिली. ऐकणाऱ्यांत माणदेशातून घोंगडी विकायला आलेली बनुबाई नावाची म्हातारी धनगरीण होती. बाकीच्या बायका उठल्या तरी ती बसून राहिली.

"बाई, त्या दुष्काळात आमी बी हुतो," ती म्हणाली. "माज्या आईनं पाला उकडून आमाला घातला आन् सवता उपाशी मेली. तुज्या आईनं तुला टाकलं, हे तुला कुणी सांगितलं?"

"लहानपणापासून ऐकत आलेय."

"ऐकलंस. पर बघितलं कुणी?"

हरणाबाई उठून निघाली. घरी येताना रस्ताभर तो प्रश्न तिच्याबरोबर चालत होता. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही बायबलमधली आज्ञा ती दर रविवारी मुलांकडून म्हणून घेई. आई तर शेजारणीहून जवळची. आणि तिच्याविरुद्ध आपण चव्हाट्यावर उभं राहून बोलत आलो, न बघता, न विचारता.

मिशनच्या आवारात मागच्या बाजूला कोंडीबा राहायचा. तो अनाथाश्रमाचा जुना माळी. आता डोळे गेले होते, पण डोकं शाबूत होतं. हरणाबाई त्याच्यापाशी बसली आणि तिनं सरळ विचारलं.

"तुला कुणी टाकली न्हवती, पोरी," कोंडीबा म्हणाला. "बाभळीखाली घावली ती दुसरीच. तुमी दोघी एकाच टायमाला आला. ती जगली न्हाई. तुजी आई तुला कडंवर घिऊन फाटकातनं आत आली. म्हसवडच्या वरल्या अंगाची हाय म्हणायची. हितं हिरीचं काम चाललं हुतं, त्यावर माती वाहायची. वाटीभर कांजी मिळायची, ती बी तुला पाजायची. मग पटकी आली, त्यात ती गेली."

बाकीचं त्याच्याकडूनच हळूहळू कळलं. साहेब त्या दुसऱ्या मुलीची गोष्ट सभांमधून सांगायचे. लोक विचारायचे, ती मुलगी आता कुठं आहे? मेली म्हणायला जीभ रेटत नसे. त्याच वयाची एक पोर आवारात खेळत होतीच. कधीतरी कुणीतरी तिच्याकडे बोट दाखवलं आणि गोष्ट तिला चिकटली. मुद्दाम खोटं असं कुणीच बोललं नव्हतं. कोंडीबा का गप्प राहिला, असं तिनं विचारलं, तर तो म्हणाला की लोक रडायचे, देवाकडे वळायचे. त्याला वाटलं, चांगल्या कामाचं आहे.

एकट्या कोंडीबाच्या बोलण्यावर ती थांबली नाही. सर्व्हिस मोटार धरून ती फलटणला गेली. अनाथाश्रमात पूर्वी पोरींना न्हाऊमाखू घालणारी रंगूबाई तिथं लेकाकडे राहत होती. तिला माती वाहणारी ती बाई आठवत होती. मात्र ती पटकीनं नव्हे, तापानं गेली, असं रंगूबाई म्हणाली. नाव दोघांनाही आठवेना. जे जुळलं ते हरणाबाईनं धरलं, जे जुळलं नाही ते तसंच राहू दिलं.

मग ती चर्चचे पाळक नाथाजी यांच्याकडे गेली. नाथाजी भला माणूस. ही गोष्ट त्यांनी स्वतःही कितीदा प्रवचनात सांगितली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुचवलं की यापुढे ती साक्ष देणं बंद करावं, म्हणजे झालं. उगाच जाहीर कशाला करायचं?

"पुष्कळांचा विश्वास त्या गोष्टीवर उभा राहिलाय, हरणाबाई."

"मग तो दुसरीकडं उभा करायला नको का, पाळकसाहेब?" ती म्हणाली. "मी गप्प बसले तर आईवरचा आळ तसाच राहतो. आणि ती दुसरी पोर मेली, तिची गोष्टसुद्धा मीच घेतली."

ख्रिस्ती मंडळीच्या मेळ्यात नाथाजींनी तिचं नाव पुकारलं आणि स्वतः पुढच्या रांगेत बसले. हरणाबाईनं जसं कळलं तसं सांगितलं. कुणी रडलं नाही. मंडपात कुजबुज झाली. मंडळीतले एक वडीलधारे नंतर म्हणाले की वयानं बाईचं डोकं फिरलंय. पुढच्या वर्षी मेळ्यात तिला बोलायला उभं केलं नाही.

तिला लागलं ते वेगळंच. कुंडलची चंद्राबाई मधेच उठून गेली होती. चंद्राबाईला नवऱ्यानं सोडलं होतं, माहेरानंही दार लावलं होतं. हरणाबाईची साक्ष ऐकूनच ती ख्रिस्ती झाली होती. हरणाबाई तिच्या घरी गेली, तर ती चुलीपुढून हलली नाही.

"मला टाकलेलं हाय. तुला बी टाकलेलं, म्हणून तुजा देव मला माजा वाटला," ती म्हणाली. "आता मी काय करू?"

"तुला टाकलं, ते खरंच हाय. ते मी कसं पुसू?" हरणाबाई म्हणाली. "माज्याकडं देव आईच्या हातानं आला. तुज्याकडं कुणाच्या हातानं आला, ते तुलाच शोधाय लागंल. मी संगं बसते."

चंद्राबाई कित्येक महिने उपासनेला आली नाही. हरणाबाई मात्र तिच्याकडे जात राहिली. कधी बोलणं होई, कधी नुसतं दोघी मिळून शेंगा फोडत. नंतर चंद्राबाई प्रश्न विचारू लागली. ते बरेचसे असे होते की हरणाबाईला उत्तर येत नसे, आणि ती तसं सांगून टाकी. "माहीत न्हाई," असं धर्माच्या माणसाच्या तोंडून चंद्राबाईनं आधी कधी ऐकलं नव्हतं. त्या शब्दावरच तिचा हळूहळू भरवसा बसला, असं ती पुढं म्हणायची.

महायुद्ध संपल्यावर दोघी हरणाबाईच्या आईचा माग काढायला म्हसवडला गेल्या. तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत फिरल्या. दुष्काळात गावं सोडून गेलेली माणसं सगळ्यांनाच आठवत होती, पण पोर कडेवर घेऊन गेलेली बाई नेमकी कुठली, हे कुणाला सांगता येईना. एक म्हातारा आपणहून म्हणाला की ती आमच्याच भावकीतली असणार, नाव बहुतेक सखू असेल. चंद्राबाईचा चेहरा उजळला. हरणाबाईनं मात्र त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, आणि तो नुसता अंदाज आहे हे कळल्यावर त्याच्या पाया पडून उठली.

त्यानंतर प्रार्थनेत ती आईचं स्मरण करायची ते बिननावानंच.