डाव्या गालावरचा रंग

शाळेतल्या नलावडे बाईंनी माझा कॉलेजचा फॉर्म भरला नसता, तर मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो नसतो. आणि शारजाच्या वर्कशॉपमध्ये, हातात कापसाचा बोळा घेऊन, एका जुन्या फ्रेंच चित्रातल्या मुलीच्या गालासमोर सुन्न उभाही राहिलो नसतो.

बोळ्यावर गुलाबी रंग आला होता.

आम्ही जुन्या चित्रांवरचं पिवळं पडलेलं वार्निश उतरवतो. वार्निश विरघळेल पण रंग सुटणार नाही, असं कुठलं सॉल्व्हंट चालेल याची आधी टेस्ट घ्यायची असते. ईदच्या आधी डिलिव्हरी होती. मी तिच्या निळ्या झग्यावर टेस्ट घेतली आणि गालावर तेच वापरलं.

हे अठराव्या शतकातल्या रोकोको शैलीचं चित्र. त्यात प्रेम कोणी बोलून दाखवत नाही. बागेतल्या बाकावर मुलगी, मागून वाकलेला तरुण. ती त्याच्याकडे बघतही नाही, पण गाल लाल झालेले. ती लाली चित्रकाराने अगदी शेवटी, वार्निशइतकीच पातळ दिलेली. डाव्या गालावर दिरहमच्या नाण्याएवढी ती गेली. आता ती मुलगी नुसतीच मान वळवून बसली होती.

आमचे बॉस मॅथ्यू सर म्हणाले, आधीचा फोटो आहेच, तो बघून संध्याकाळपर्यंत रंग भर.

"और रिपोर्ट, सर?"

"क्लीनिंग हो गया, लिख दो. खलास."

चित्राला काय काय केलं, ते त्या रिपोर्टमध्ये असतं. तो चित्राबरोबर कायम राहतो. माझा व्हिसा या नोकरीवर, मुलीची शाळा त्या व्हिसावर. तरी खरं ते लिहिलं आणि सरांपुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"साइन तेरा है. फोन भी तू ही कर."

माझा फोन गेल्यावर चित्राच्या मालकीणबाई अल ऐनहून आल्या. वृद्ध अमिराती बाई, इथल्या जुन्या लोकांसारखं हिंदी बोलणाऱ्या. मी सांगितलं की रंग भरता येईल, पण तो माझा असेल.

"मेरा शोहर ऐसी बातें बोलता नहीं था," त्या म्हणाल्या. "ये तस्वीर लाया, मेरे सामने लगा दी. तुम रहने दो."

चित्र तसंच गेलं. त्यांचं काम पुन्हा आलं नाही. सरांनी मला काढलं नाही, पण दोन वर्षं माझ्याकडे चित्रांतली फक्त झाडं आणि आभाळ होतं, चेहरे नाहीत. टेस्ट जिथे काम करायचं तिथेच घ्यावी, एवढंच यातून शिकलो.

चित्र गेलं त्याच आठवड्यात नलावडे बाईंना पत्र पाठवलं होतं:

"ती. बाईंना सा. नमस्कार. माझ्या हातून एका चांगल्या चित्राचं नुकसान झालं. घाई केली. ते भरून येणार नाही. लपवलं मात्र नाही. तुम्ही वर्गात माझं उदाहरण देता, असं कळलं. यापुढे मुलांना हेही सांगावं."