दोन भिंतींपलीकडचा रिमोट

नागरत्नम्मानं हैदराबादच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं टीव्हीच्या आतलं सोल्डरिंग केलं. तिनं जोडलेली तार कधी सुटून परत आली नाही, आणि हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवल्याशिवाय सोडत नसे. का सोडावं? खोटं थोडंच होतं!

मुलानं, यादगिरीनं, हॉलमध्ये भिंतभर टीव्ही घेतला आणि जुना तिच्या मागच्या खोलीत लावून दिला. सेटटॉप बॉक्स एकच, हॉलमधला. वायरीतून चित्र तिच्यापर्यंत यायचं, पण रिमोट काही दोन भिंती ओलांडायचा नाही. कबड्डी ऐन रंगात आली की यादगिरी बसल्या जागी बातम्या लावायचा. एकदा ती तणतणत हॉलमध्ये गेली.

"निदान विचारत जा रे!"

"विचारायचं काय त्यात, अम्मा? आयतं दिसतंय ना? आम्ही लावू ते बघायचं."

हे तिच्या जिव्हारी लागलं. जिच्या पगारावर हा शिकला, तिलाच आता उपकार म्हणून टीव्ही दाखवणार!

सकिनालूंच्या, म्हणजे तांदळाच्या चकल्यांच्या, जुन्या डब्यात तिचे सुटे भाग होते. बंद पडलेल्या बॉक्समधला रिमोटचा इशारा टिपणारा डोळा तिनं आपल्या खोलीत बसवला. मोडक्या रिमोटमधला बारका दिवा हॉलच्या बॉक्ससमोर चिकटवला. मध्ये छोटं सर्किट आणि लांब वायर. बाजारातून तसलाच दुसरा रिमोट आणला.

यादगिरी खो खो हसला. "दिवा पेटतोय कुठं? हात थरथरतात तुझे. सोड आता."

"तुझा मोबाइल काढ. कॅमेरा धर त्याच्यावर."

तिनं खोलीत जाऊन बटण दाबलं. मोबाइलवर जांभळा ठिपका लुकलुकला.

"नुसत्या डोळ्यांना दिसत नाही तो उजेड," ती आतून ओरडली. "एवढंही ठाऊक नाही, आणि म्हणे भिंतभर टीव्ही घेतला!"

शनिवारी बातम्या चालू असताना हॉलमध्ये अचानक कबड्डी आली. त्यानं बदललं. परत कबड्डी. तिसऱ्यांदा तो तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"उपटून टाकीन ती वायर!"

"टाक. उद्या दुसरी जोडते. हात थरथरले तरी माझेच आहेत."

त्यानं वायरीला हात घातला, पण ओढली नाही. मग हळूच म्हणाला, "अम्मा, बातम्या लावू?"

त्यानं विचारलं होतं. पण मांडीखालचा रिमोट काही तिनं बाहेर काढला नाही.

"सात मिनिटं राहिलीत. संपू दे. मग परत येऊन विचार."