पाठीवर मूठभर सरकी

नव्या गादीवर दुपारी जराशी आडवी झाले, तर पाठीला काहीतरी टोचलं. चाचपलं तर कापसात राहून गेलेली एक सरकी.

हुडकेश्वरच्या या घरात नुसता पंखा फिरत होता, पण माझ्या कानात काटोलच्या जिनिंग कारखान्याचा खडखडाट सुरू झाला. सत्तरच्या दशकात मी तिथं जिनवर, सरकी काढायच्या यंत्रावर, कामाला होते. ओंजळीनं यंत्रात कापूस घालायचा, मग रुई वेगळी निघायची आणि सरकी खाली पडायची. माझा तान्हा सुधाकर बाहेर कडुनिंबाला बांधलेल्या झोळीत असायचा. त्या आवाजात त्याचं रडणं ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि माझी पाठ दाराकडे.

पहिल्याच दिवशी पाठीवर मूठभर सरकी आदळली. मी चिडून वळले. शेजारच्या जिनवरची गिरजाबाई माझ्या कानाशी येऊन ओरडली, "पोरगं रडून राहिलं वं. जाय, पाज त्याले. दोन्ही जिन पाहतो मी."

यंत्र रिकामं फिरलं तर मुकादम घरी पाठवायचा. झाडाखाली पोराला पाजताना मला दारातून ती दिसत होती, दोन जिनच्या मधे धावणारी, केसांवर रुई साचलेली. परतल्यावर मी काही बोलले, तर ऐकू येत नाही म्हणून ती नुसती हसली. हंगामभर ती तशी सरकी मारत राहिली, आणि मुकादमाची बोलणी खात राहिली, की बाई, तुझं लक्ष सारखं दाराकडे काहून?

"काहून उठली, आई?" पिकल्या केसांचा सुधाकर दारात उभा होता.

"मले वाटलं, तू रडून राहिला."