मक्याच्या खोडातला बुडबुडा

कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझ्याशी कोणी बोलत नव्हतं आणि मीही कोणाशी बोलत नव्हते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण वर्गात तोंड उघडलं की माझं मराठी फार इस्त्री केल्यासारखं निघायचं, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच "मॅडम" म्हणायचं. म्हणून मी गप्प राहून काम करायचे. कोराडीहून बसने शहरात यायचं, लेक्चर, प्रॅक्टिकल, पुन्हा बस. घरी टेबलावर बसलेली वीजकेंद्राची राख पुसायची आणि प्रॅक्टिकलची फाइल लिहायला बसायचं.

माझ्याशी पहिल्यांदा कोणी नीट बोललं ते या फाइलसाठीच.

बॉटनीच्या प्रॅक्टिकलला माझ्या शेजारी मौद्याची एक मुलगी असायची. होस्टेलवर राहायची, सगळी बॅच तिच्या ओळखीची. एका दुपारी तिनं माझ्या चित्रात डोकं घातलं.

"काय मस्त काढतं वं तू! मले दे ना एक दिवस. उद्याच परत."

मी दिली. त्याच दिवशी कँटीनमध्ये तिनं मला हाक मारून आपल्या टेबलावर बसवलं, समोर लाल रस्सा ओतलेल्या तर्रीपोह्यांची प्लेट सरकवली. मला बरं वाटलं. आता त्या बरं वाटण्याचासुद्धा राग येतो.

आमच्याकडे याला फाइल फिरणं म्हणतात. प्रत्येक बॅचमध्ये एकाची फाइल फिरते, बाकीचे तिच्यावरून उतरवतात. चालू मायक्रोस्कोप मोजकेच, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी वळतच नाही. सरांनाही हे ठाऊक असतं. ते आधी प्रत्येक चित्रावर आणि शेवटी सर्टिफिकेटच्या पानावर सही करतात. ती सही नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे वर्ष अडकलंच.

तिनं डोकं घातलं ते चित्र मक्याच्या खोडाच्या कापाचं होतं. मी ब्लेडनं पातळ काप घेतला, लाल रंगात बुडवला, काचेवर ठेवून वर झाकणकाच ठेवली. मायक्रोस्कोपमध्ये खोडाच्या डाव्या अंगाला एक जाड काळ्या कडेचं वर्तुळ दिसत होतं. हवेचा बुडबुडा. शाळेत शिकवलं होतं, जे दिसतं तेच काढा. मी तो काढला, बाण केला आणि लिहिलं: एअर बबल.

नंतर फाइल गेली. उद्याचं परवा झालं. मौद्याच्या मुलीनं दुसरीला दिली होती, दुसरीनं मुलांच्या होस्टेलवर. मी रोज विचारायचे आणि रोज ऐकायचे, "काहून घाबरून राहिली वं? येते ना." आली ती सबमिशनच्याच सकाळी, सगळे आपापल्या फाइली टेबलावर ठेवून मोकळे झाल्यावर. कोपऱ्यावर तर्रीचा डाग. माझी फाइल ढिगात सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत वर.

सरांनी ढिगातून एकेक ओढून उघडायला सुरुवात केली. मक्याच्या पानावर येऊन थांबले. दुसरी उघडली, तिसरी उघडली. मग चष्मा काढून हसायला लागले.

"काय बे, पूर्ण बॅचले एकाच जागी बुडबुडा दिसला का? तोही बाणासकट?"

वर्ग खो खो हसला. ज्यांनी माझा बुडबुडा लेबलासकट उतरवला होता तेही हसले.

"शेवटी कोणाची आली फाइल?" सरांनी वरची उचलून माझं नाव वाचलं. "हं. दुसऱ्याचं पाहून उतरवायले इतके दिवस लागले का बाई?"

बाकीच्यांच्या पानांवर सही झाली. माझ्या चित्रावर लाल शाईत 'कॉपीड, रिपीट' आलं.

मी मौद्याच्या मुलीकडे पाहिलं. ती खाली पाहत होती. बाहेर आल्यावर माझा हात धरून कुजबुजली, "सरांले सांगू नको वं. सगळ्यांचीच सही कट होईन. तुझं काय, तू तर दहा मिनिटांत काढतं."

दहा मिनिटांत! माझे शब्द नेहमी बसमध्ये बसल्यावरच येतात. त्या दिवशी कोराडी येईपर्यंत मी मनात भांडत राहिले.

आईनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग तिथंच काहून नाही बोलली तू?"

सरांपेक्षाही मला या प्रश्नाचा जास्त राग आला.

पुढच्या प्रॅक्टिकलला मी सगळ्यांच्या आधी जाऊन मायक्रोस्कोप धरला. पुन्हा मका, पुन्हा ब्लेड, पुन्हा लाल रंग. झाकणकाच ठेवली आणि पाहिलं. बुडबुडा. या वेळी उजवीकडे. मी सरळ सरांच्या टेबलापाशी गेले.

"सर, तुम्ही येऊन बघा."

"काय पाहू?"

"बुडबुडा. तो माझाच होता. फाइलही माझीच होती. बाकी कोणी मक्याला हात लावलेला नाही."

माझं मराठी नेहमीपेक्षाही जास्त इस्त्रीचं निघालं. या वेळी मात्र "मॅडम" कोणी म्हणालं नाही.

सर उठले, डोळा लावून बराच वेळ पाहत राहिले. मग सुई घेऊन झाकणकाच एका कडेनं उचलली आणि तिरपी धरून हळूहळू खाली सोडली. बुडबुडा गेला.

"अशी ठेवायची असते," ते म्हणाले.

हे पहिल्याच दिवशी शिकवायचं होतं. माझ्या जिभेवर आलं होतं, पण तोवर त्यांनी सही केली होती. 'कॉपीड' तसंच राहिलं, सही त्याच्या शेजारी बसली. खोडलं नाही, सॉरी म्हणाले नाहीत. बाकी कोणाचं पान परत मागवलंही नाही.

मी जागेवर आले तर मौद्याची मुलगी वाटच पाहत होती.

"झालं ना आता? राग सोड वं. पुढच्या प्रॅक्टिकलचं दे ना, सोमवारी सबमिशन आहे."

तिला खरंच काही कळलं नव्हतं. ती हसत होती.

"मायक्रोस्कोप रिकामा आहे," मी म्हटलं. "जा, बघ."

"इतका घमंड?"

मी फाइल पिशवीत घातली. आता कँटीनमध्ये न जाता डबा मी बसस्टॉपच्या बाकावर बसून खाते. त्या दुपारी भाजी गार झाली होती, पिशवी मांडीवर घट्ट धरलेली होती, आणि राग अजून गरम होता.