दादांचा खालचा कोन

समोरच्या दारातल्या दादांइतका परत कसं यायचं याचा विचार केलेला माणूस साऱ्या खारघरात नसेल, आणि त्यांची ती परतीची वाट दुसऱ्याला सांगून टाकणारा माणूस मी आहे. हे आधीच कबूल करतो.

दादा साठीचे. महाप्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर काढलेली. कारखाना बंद पडला आणि पुतण्याने मागे ठेवलेला व्हिडिओ गेम त्यांच्या हाती आला. त्यात हवेत तरंगणाऱ्या एका फळीवर दोघं मारामारी करतात. समोरच्याला फळीबाहेर उडवायचं. उडालेल्याला परतायला शेवटची एक झेप मिळते. ती वरून घ्यायची, सरळ घ्यायची की खालून येऊन कड पकडायची, हे त्याने ठरवायचं. आणि दुसरा नेमका तिथेच टपून बसलेला असतो. इतर लोक मारामारी शिकतात, दादा फक्त परत यायला शिकले. सकाळभर ते आपणहून बाहेर उडी टाकत आणि परत येत. टीव्हीच्या काचेवर त्यांनी कारखान्यातला कोनमापक सेलोटेपने चिकटवला होता. वहिनी त्याच्याआडून मालिका बघत. "बाविसाला कड लागते, चोविसाला डोकं आपटतं," ते मला सांगत. "दोन अंशात जीव हाय, सायब."

हळूहळू हे शास्त्र घराबाहेरही पसरलं. सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टपाशी गाठतात म्हणून दादा पार्किंगच्या उतारावरून आत शिरत. लग्नाच्या बुफेत ते आइस्क्रीमच्या टोकाकडून सुरुवात करत. वाशीच्या मार्केटात भाजी घ्यायला मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो, तर त्यांनी मला मागच्या गेटने, टेम्पोंच्या मधून, कोबीच्या पाल्यात घोट्यापर्यंत पाय बुडवत नेलं. मी कुरकुरलो तर म्हणाले, "सरल वाटेवर नेमी कोनतरी उभा असतो." त्या दिवशी समोरच्या गेटवर कोणीही उभं नव्हतं, हे मी नंतर पाहून आलो. वहिनी रागावतील असं काही हातून झालं की ते आधी लसूण सोलायला बसत आणि दहाव्या पाकळीला गुन्हा कबूल करत. वहिनी म्हणत, "एवढा लसूण सोललाय म्हनजे काय फोडलंत?"

गेल्या वर्षी त्यांचा डावा हात कापायला लागला, हातातली बशी वाजू लागली. डॉक्टर म्हणाले, तपासण्या करू, मग सांगतो. दादांनी तपासण्या पुढे ढकलल्या. त्याच सुमारास सोसायटीच्या वार्षिक खेळांत, कॅरमच्या जोडीला, तरुणांच्या आग्रहावरून हा गेम आला. दादांनी नाव दिलं. मला गॅलरीत बोलावून म्हणाले, "हिला बोलू नका. डाव्या अंगठ्यानंच कोन लावायचा असतो. लागला तर हात हाय. नाय लागला, तर गेला समजायचा." मी हसून विषय टाळला.

ते अंतिम फेरीत पोचले. समोर सातव्या मजल्यावरची, डेंटलला शिकणारी मुलगी. मधल्या चहाला तिने मला सहज विचारलं, "काका, ह्यांना हरवायचं कसं? कुठूनही येतात." मी दोन वर्षं दादांशेजारी बसून एकही डाव जिंकलो नव्हतो. कोणीतरी मला जाणकार समजतंय, एवढ्यानेच मी फुगलो. म्हणालो, "एरवी कुठूनही येतात. पण खरंच अडचणीत आले की उजव्या पायातली चप्पल काढतात. चप्पल निघाली की खालून येणार, तू आधीच खाली जाऊन थांब."

शेवटचा डाव बरोबरीत असताना दादा फळीबाहेर फेकले गेले. चप्पल निघाली. मुलीने एक नजर दादांच्या पायाकडे टाकली आणि पडद्यावर कडेखाली जाऊन थांबली. दादांनी घेतलेला कोन बाविसाचा होता, हे मी शपथेवर सांगतो. पण वाटेत ती उभी होती, तिने त्यांना पुन्हा उडवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. "कोन चुकला," ते हळूच म्हणाले. मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवरचा कोनमापक निघाला. वहिनींना आता अख्खा पडदा दिसू लागला, तर त्यांनीच टीव्ही लावणं सोडलं. तपासण्यांचा विषय काढला की दादा म्हणत, "आता काय दाखवायचं? हात गेला, कललं ना." लसूणही सोलेनात. चार महिने मी समोरच्या दारापर्यंत जाई आणि चपला न काढताच परत फिरे.

परवा वहिनींनीच दार उघडलं, तेव्हा आत जावं लागलं. दादा खिडकीशी बसले होते, डावा हात मांडीखाली दाबून. मी सगळं सांगितलं. चहा, मुलीचा प्रश्न, चप्पल. त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं.

"चप्पल काढतो मी?"

"दर वेळी."

"मना सोतालाच ठावं नव्हतं." मग विचारलं, "आनि अंगठ्याचा कोन?"

"बरोबर होता. बावीस. हाताचं काय ते डॉक्टर सांगतील, त्या डावावरून नका ठरवू."

त्यांनी मांडीखालचा हात काढून समोर धरला. तो थरथरत होता. दोघंही त्याच्याकडे बघत बसलो.

"येवढे महिने बोलला नाय तुमी, सायब."

"नाही बोललो," मी म्हणालो. "हरलात ते माझ्यामुळे, आणि हात गेला असं तुम्हाला वाटू दिलं तेही मीच. दादा, मला माफ करा."