न्यायप्रविष्ट धाबं

रुपचंदभाऊंना आमच्या गावात कोर्ट म्हणत. सोनगीरहून चार किलोमीटरवरचं आमचं गाव. तिथून रोज धुळ्याला जाऊन त्यांनी बत्तीस वर्षं कोर्टात शिपाई म्हणून नोकरी केली. दारात उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी आवाज तोच होता. ओट्यावरून बायकोला चहा मागितला तरी शेजारच्या आळीत कळायचं.

कोर्टाचा कागद आला की माणसं आधी भाऊंकडे यायची. त्यांचा सगळ्यात लाडका शब्द होता न्यायप्रविष्ट. तो उच्चारताना ते टोपी सरळ करत आणि सांगत, ‘‘मामला जज्जसाहेबांपुढे आहे, निकाल लागायचा आहे. तोवर बोलायचं नाही, हात लावायचा नाही.’’ यातलं पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं त्यांनी पदरचं जोडलेलं. पण साहेबांच्या इतक्या जवळ बत्तीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला शहाणपण कोण शिकवणार? मीही मान डोलावली आहे.

मग त्यांच्या धाकट्या भावाने, प्रेमराजने, राहत्या घराच्या वाटणीचा दावा लावला. घर दोन खणांचं, धाब्याचं. म्हणजे लाकडी तुळयांवर, सरांवर, मातीचं सपाट छत. अशा छतावर दर वैशाखात खारी पसरावी लागते. ही खारट माती पाणी आत झिरपू देत नाही. एक वर्ष चुकलं तर छत गळतं, चार वर्षं चुकली तर सर कुजतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

पहिल्याच वैशाखात भाऊंच्या बायकोने, भिकुबाईंनी, विचारलं, ‘‘खारी कवय टाकतस?’’

‘‘घर न्यायप्रविष्ट शे. हात लावाना नही.’’

तिसऱ्या वर्षी मी न विचारता खारीची ट्रॉली त्यांच्या दारात नेली. भाऊंनी ती परत पाठवली. वर मलाच सुनावलं, ‘‘चुडामण, तू माले जेलमा धाडशी!’’ मला राग आला आणि मी तीच खारी माझ्या धाब्यावर टाकली. त्यांच्याशी भांडायला हवं होतं. भांडलो नाही.

भिकुबाई मात्र दर वैशाखात विचारत राहिल्या. घरात सात ठिकाणी पातेली मांडून त्या स्वयंपाक करत. मुलगा हेमराज दीपनगरला कामाला. तो न्यायला आला तर म्हणाल्या, ‘‘यास्ले भाकर कोन करी दी?’’ एकदा माझ्यासमोरच त्या नवऱ्यावर तडकल्या, ‘‘धाबं का कोर्टमा गयं? ते तं मना डोकावर शे!’’

भाऊ हसले. नाइलाजाने मीही हसलो.

सातव्या वर्षी भादव्यात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी धुळ्याला तारीख होती. भाऊ डोक्यावर पोतं घेऊन सकाळच्या एसटीने गेले. दुपारी बाराच्या सुमारास सर मोडला आणि भिजून जड झालेली सगळी माती चुलीपाशी बसलेल्या भिकुबाईंवर आली. आम्ही फावडी सोडून हातांनी माती उपसली. सगळ्यांत पुढे प्रेमराज होता. आम्हाला त्या सापडल्या, तेव्हा पीठ अजून त्यांच्या बोटांना होतं.

भाऊ चारच्या गाडीने आले. त्यांच्या खिशात पुढची तारीख होती.

तेरावं झाल्यावर मी त्यांना त्यांच्या वकिलांकडे घेऊन गेलो. लीलाधर वकिलांनी दाव्यातला कोर्टाचा मनाई आदेश काढून वाचला. ‘‘घर विकू नये, पाडू नये, नवं बांधकाम करू नये. बस. डागडुजीला कोणी अडवलं होतं? साधा अर्ज दिला असता तरी चाललं असतं. भाऊ, तुम्ही एकदा विचारायचं तरी!’’

भाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. विचारणार कसे? सगळा गाव त्यांना विचारत होता. एसटीत बसल्यावर त्यांनी तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मला त्यांची कीवही आली आणि चीडही आली.

त्यानंतर ओट्यावर कोणी कागद घेऊन आलं नाही. भाऊ गावात दिसत, पण त्यांचा आवाज ऐकू येत नसे.

पुढच्या वैशाखात माझ्या शेजारच्या लताबाई आल्या. त्यांच्या दिराने घरावर दावा लावला होता. त्यांना विचारायला दुसरं कोण होतं? त्या चाचरतच म्हणाल्या, ‘‘भाऊ, मन्हं घरबी न्यायप्रविष्ट व्हयनं. खारी टाकू का नको?’’

 भाऊ उठले, लताबाईंच्या अंगणात गेले, खारीची पाटी भरून डोक्यावर घेतली आणि शिडी चढू लागले. वय अडुसष्ट. मी शिडी धरली. वर पोचल्यावर त्यांनी पाटी उपडी केली आणि हातांनी माती पसरायला बसले.

‘‘भाऊ, उतरा ना,’’ लताबाई खालून म्हणाल्या. ‘‘मी मानसं लावस.’’

‘‘सात साल,’’ भाऊ वरून म्हणाले, आणि तो जुना पुकाऱ्याचा आवाज साऱ्या आळीत गेला, ‘‘हेमराजनी मायनी माले सात साल हाईच इचारं!’’